‘तुमच्यासाठी’ : ल्यूथरन श्रद्धा समजून घेताना

जर्मनीत एल्ब नदीच्या काठी विटेनबर्ग नावाचं लहानसं शहर आहे. तिथल्या संत मेरीच्या चर्चमध्ये वेदीवर एक मोठं चित्र आहे, लुकास क्रानाख आणि त्याच्या कार्यशाळेनं रंगवलेलं, १५४७ मध्ये बसवलेलं. त्याचा सगळ्यांत खालचा पट्टा नीट बघा. उजवीकडे उंच व्यासपीठावर मार्टिन ल्यूथर उभा आहे. त्याचा एक हात उघड्या बायबलवर आहे आणि दुसरा समोर केलेला. डावीकडे गावची माणसं दाटीवाटीनं जमली आहेत. त्यात बायका आहेत, दाढीवाले म्हातारे आहेत, लहान मुलं आहेत. आणि दोघांच्या बरोबर मधे, जमिनीवर उभा केलेला वधस्तंभ आणि त्यावर ख्रिस्त. बाकी जागा रिकामी आहे. मागे नुसती दगडी भिंत.

ल्यूथरन परंपरेवर, म्हणजे त्याच्या शिकवणीतून निघालेल्या ख्रिस्ती परंपरेवर, पाचशे वर्षं ग्रंथांवर ग्रंथ लिहिले गेले. मला विचाराल तर तिचा गाभा त्या समोर केलेल्या हातात आहे. माणसानं आपल्या सुटकेसाठी बघायचं कुठे, हा प्रश्न. स्वतःच्या आत, की बाहेर?

शाळेच्या इतिहासात ल्यूथर भेटतो तो पंचाण्णव मुद्दे मांडणारा बंडखोर म्हणून. तारीख ३१ ऑक्टोबर १५१७. वाद पापमुक्तिपत्रांचा. पापाची क्षमा मिळाली तरी त्याची शिक्षा भोगायची राहते, ती या जन्मात किंवा मेल्यावर शुद्धिस्थानात भोगावी लागते, आणि चर्च ती शिक्षा माफ करू शकतं, अशी त्या काळची शिकवण होती. योहान टेट्झेल नावाचा धर्मोपदेशक अशी पत्रं गावोगाव विकत होता. त्यातला अर्धा पैसा रोमच्या संत पीटर चर्चच्या बांधकामाला जायचा. उरलेला अर्धा माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट याचं कर्ज फेडायला. ते पद मिळवण्यासाठी त्यानं फुगर या सावकारी पेढीकडून मोठी रक्कम उचलली होती.

हे सगळं खरं आहे, पण इथूनच सुरुवात केली तर ल्यूथर म्हणजे भ्रष्टाचाराविरुद्ध चिडलेला सुधारक एवढंच हाती लागतं. चिडलेले सुधारक त्याच्या आधीही बरेच झाले होते. त्याची गोष्ट बारा वर्षं आधी सुरू होते.

जुलै १५०५. एकवीस वर्षांचा ल्यूथर कायद्याचं शिक्षण घेत होता. एरफुर्टजवळ श्टोटर्नहाइम गावापाशी वादळानं गाठलं, जवळच वीज कोसळली, आणि तो ओरडला, ‘संत अॅना, मला वाचव, मी साधू होईन!’ दोन आठवड्यांत तो ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. तिथे त्यानं काही बाकी ठेवलं नाही. उपास, जागरणं, प्रार्थना सगळं केलं. पापनिवेदनाला बसला की कधी कधी सहा सहा तास बसे. गुरूला सगळं सांगून उठायचा आणि दाराबाहेर पडल्यावर आणखी काहीतरी आठवायचं.

त्याची अडचण समजून घ्यायला साधू असायची गरज नाही. पाप कबूल केलं, पण सगळं आठवलं का? आठवलं, पण खरंच वाईट वाटलं का? वाईट वाटलं, पण ते देवावरच्या प्रेमामुळे की शिक्षेच्या भीतीमुळे? जितकं आत खणावं तितकी जमीन भुसभुशीत. आपला हेतू शंभर टक्के शुद्ध आहे, असं प्रामाणिक माणूस कधीच म्हणू शकत नाही. ज्याचा विवेक जागा, त्याचीच जास्त ओढाताण. त्याचा वरिष्ठ योहान फॉन श्टाउपिट्झ त्याला सांगे, असा स्वतःत बुडू नकोस, ख्रिस्ताच्या जखमांकडे बघ. चित्रातला तो हात कुठून आला, याचा हा एक धागा.

१५१२ मध्ये ल्यूथर विटेनबर्गच्या विद्यापीठात बायबल शिकवू लागला. बायबलमध्ये येशूचा प्रेषित पौल याचं रोमकरांस पत्र आहे, त्यात एक वाक्य आहे : सुवार्तेत देवाचं नीतिमत्त्व प्रकट होतं. पुढे म्हातारपणी, १५४५ मध्ये, त्यानं लिहून ठेवलं की या शब्दांचा त्याला तिटकारा होता. देव नीतिमान आहे, म्हणजे तो पाप्याला शिक्षा करणार. मग यात सुवार्ता ती कसली? दिवस-रात्र त्या ओळीशी झगडल्यावर त्याला कळलं की आपण त्या ‘देवाचं’ शब्दाचा अर्थच उलटा लावतोय.

मराठीत हे फार चांगलं समजावता येतं. ‘राजाचं बळ’ म्हणजे राजाच्या अंगात असलेलं बळ. पण ‘आईचं दूध’? म्हणायचं आईचं, पोट भरतं बाळाचं. प्रत्यय तोच, पण दुसऱ्या ठिकाणी तो देण्याकडे बोट दाखवतो. देवाचं नीतिमत्त्व म्हणजे देव ज्या मापानं मला मोजणार ते माप, असं ल्यूथर समजत होता. पौल म्हणत होता, देव जे मला देतो ते. ‘नीतिमान विश्वासाने जगेल’ ही पुढची ओळ मग आपोआप उलगडली. स्वर्गाचे दरवाजे उघडून आपण आत गेलो असं वाटलं, असं त्यानं लिहिलंय.

याला धर्मशास्त्राच्या भाषेत ‘विश्वासाने नीतिमान ठरणे’ म्हणतात. १५२० साली ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर लिहिलेल्या छोट्या पुस्तकात ल्यूथरनं ते लग्नाच्या दाखल्यानं सांगितलं. लग्न लागलं की तिचं ते त्याचं आणि त्याचं ते तिचं. वधू कर्जात बुडालेली, वर श्रीमंत. ख्रिस्त तिचं पाप, मृत्यू, शिक्षा सगळं आपल्या नावावर घेतो आणि आपलं जीवन, आपलं नीतिमत्त्व तिच्या नावावर करतो. ल्यूथर याला आनंदाची अदलाबदल म्हणतो. विश्वास म्हणजे त्या वराचा शब्द खरा मानणं.

आता इथे बहुतेक जण अडखळतात, म्हणून जरा थांबतो. ‘विश्वास ठेवला की तारण’ हे ऐकून आपण विश्वासालाच एक काम बनवून टाकतो. उपासतापास नकोत, ठीक, पण विश्वास तरी पुरेसा घट्ट हवा ना? झालं, पुन्हा आत खणणं सुरू! माझा विश्वास खरा आहे का, काल होता तेवढा आज आहे का. ल्यूथरन उत्तर असं की विश्वासाची किंमत तो किती पक्का आहे यावर ठरत नाही, तो कोणाला धरून आहे यावर ठरते. बुडणाऱ्याच्या हाताला कापरं भरलं असेल, पण त्यानं धरलेला दोर जाड असेल तर तो वर येतो. विवेक टोचायला लागला की ल्यूथर स्वतःच्या भक्तीचा हिशेब मांडत बसायचा नाही. श्रद्धा शिकवायला त्यानं दोन पुस्तकं लिहिली, मोठी आणि छोटी प्रश्नोत्तरी. मोठ्या प्रश्नोत्तरीत त्यानं शिकवलं, तेव्हा उलट म्हणावं, ‘पण माझा बाप्तिस्मा झालाय!’ बाप्तिस्मा ही बाहेर घडलेली, पाण्यानं आणि शब्दानं घडलेली गोष्ट. मन कितीही डळमळलं तरी झालेला बाप्तिस्मा न झालेला होत नाही.

यातूनच ल्यूथरन विचाराचं सर्वांत धारदार हत्यार तयार झालं. नियम आणि सुवार्ता यांतला फरक ओळखणं. देव माणसाशी दोन तऱ्हांनी बोलतो. नियम म्हणजे त्याची मागणी : खोटं बोलू नको, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. सुवार्ता म्हणजे त्याचं देणं : तुझ्यासाठी ख्रिस्त मेला, तुझ्या पापांची क्षमा झाली. बायबलचे दोन भाग, त्यातला जुना करार म्हणजे नियम आणि नवा करार म्हणजे सुवार्ता, असा हा हिशेब नाही. दोन्ही करारांत दोन्ही आहेत, कधी एकाच वाक्यात. १५१८ च्या एप्रिलमध्ये हायडेलबर्गच्या वादसभेत ल्यूथरनं हे दोन ओळींत मांडलं : नियम म्हणतो, ‘हे कर’, आणि ते कधीच होत नाही, कृपा म्हणते, ‘याच्यावर विश्वास ठेव’, आणि सगळं आधीच झालेलं असतं.

दोन्हींची गल्लत झाली की काय होतं ते बघा. अपराधानं पिचून आलेल्या माणसाला ‘तू आणखी प्रयत्न कर’ म्हणालात, तर तुम्ही जखमेवर नियम चोळलात. दुसऱ्याला तुडवून निवांत झोपणाऱ्याला ‘देव सगळ्यांना क्षमा करतो’ म्हणालात, तर सुवार्ता त्याच्या हातात शस्त्र म्हणून दिलीत. क्रानाखच्या त्याच चित्रात वरच्या उजव्या फळीवर विटेनबर्गचा पाळक, म्हणजे तिथल्या चर्चचा धर्मगुरू, योहानेस बुगेनहागेन दोन किल्ल्या घेऊन बसलेला आहे. एक गुडघे टेकलेल्या माणसाच्या डोक्यावर धरली आहे, त्याला मोकळं करणारी. दुसरी शेजारून तोंड फिरवून निघालेल्याकडे. कोणाला कोणती किल्ली लावायची हे ओळखणं हीच पाळकाची सगळ्यांत अवघड विद्या, असं ल्यूथर मानत असे, आणि मला ते पटतं. शब्द दोन्ही खरे असतात. चुकीच्या माणसाला चुकीच्या वेळी सांगितले की जीव घेतात.

मग क्षमा मिळालेला माणूस चांगला होतो का? इथे ल्यूथरन मंडळी जे म्हणतात ते अनेकांना खटकतं : तो एकाच वेळी नीतिमान असतो आणि पापीही. पन्नास टक्के हे आणि पन्नास टक्के ते, असं नव्हे. पूर्ण हे आणि पूर्ण ते. रोमकरांस पत्रावरच्या व्याख्यानांत ल्यूथरनं आजाऱ्याचा दाखला दिला होता. वैद्यानं ‘तू नक्की बरा होणार’ असं वचन दिलंय, आजारी माणसानं ते मानलंय, पथ्य पाळतोय. आता तो आजारी की बरा? अंगात ताप आहे, म्हणजे आजारी. वैद्याच्या शब्दात मात्र बरा. मला या शिकवणीत मोठा दिलासा वाटतो, कारण ती सोंग आणायला लावत नाही. रोज सकाळी आपण आधी कसे होतो आणि आता किती सुधारलो याची जाहिरात करावी लागत नाही. पंचाण्णव मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा हा आहे : येशूनं ‘पश्चात्ताप करा’ म्हटलं तेव्हा विश्वासणाऱ्याचं अख्खं आयुष्य पश्चात्तापाचं व्हावं, असं त्याला म्हणायचं होतं.

‘मग चांगली कामं करायचीच कशाला?’ हा आक्षेप ल्यूथरच्या हयातीतच आला. त्याचं उत्तर असं : देवाला तुमच्या सत्कर्मांची गरज नाही, पण शेजाऱ्याला आहे. माझं तारण आधीच झालेलं असेल तर पुण्य साठवायला मला गरिबाचा उपयोग करून घ्यावा लागत नाही. मी त्याला खरंच मदत करू शकतो, त्याच्यासाठीच. त्याच १५२० च्या पुस्तकाच्या सुरुवातीला दोन वाक्यं शेजारी ठेवली आहेत : ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा मोकळा धनी, कोणाचाही ताबेदार नाही; ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा सेवक, प्रत्येकाचा ताबेदार. पहिलं विश्वासामुळे, दुसरं प्रेमामुळे.

आणि मग रोजच्या कामाकडे बघायची नजरच बदलली. त्याआधी देवाचं ‘पाचारण’ म्हटलं की मठ किंवा धर्मगुरुपद. ल्यूथरनं तो शब्द चांभाराला, मोलकरणीला, न्यायाधीशाला लावला. व्यवसायासाठी जर्मनमध्ये आज जो साधा शब्द आहे, बेरूफ, त्यातच ‘हाक मारणं’ दडलेलं आहे. १५२२ मध्ये वैवाहिक जीवनावर लिहिताना त्यानं एक बाप रंगवला : पोराचे मळके लंगोट धुतोय, लोक त्याला बायल्या म्हणून हसताहेत. ल्यूथर म्हणतो, तो हे विश्वासानं करत असेल तर देव आपल्या सगळ्या दूतांसह आनंदानं हसतोय. हे लिहिलं तेव्हा त्याचं लग्नही झालेलं नव्हतं! १५२५ मध्ये त्यानं मठ सोडून आलेल्या काथारिना फॉन बोरा हिच्याशी लग्न केलं. विद्यार्थी, पाहुणे, नातेवाईक यांनी भरलेलं ते मोठं घर, शेती, जनावरं, बिअर गाळणं, सगळं तिनं चालवलं. पुढे पाळकाचं कुटुंब कसं असावं याचं चित्र प्रोटेस्टंट जगानं त्या घरावरूनच काढलं.

प्रभुभोजनाच्या बाबतीत ल्यूथर कोणालाच सोयीचा नव्हता. भाकर आणि द्राक्षारस यांचं मूलद्रव्यच बदलतं, ही रोमच्या कॅथलिक चर्चची व्याख्या त्यानं नाकारली. ती नुसती आठवणीची खूण आहे, हे झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली याचं म्हणणंही नाकारलं. ऑक्टोबर १५२९ मध्ये मारबुर्गच्या किल्ल्यात दोघे समोरासमोर बसले. ल्यूथरनं टेबलावर खडूनं लॅटिनमध्ये लिहून ठेवलं, ‘हे माझे शरीर आहे’, आणि वाद वाढला तेव्हा त्या अक्षरांकडे बोट दाखवलं. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झालं. पंधराव्यात हा प्रश्न होता, तिथे गाडी अडली. बाहेरून बघणाऱ्याला हा शब्दांचा कीस वाटतो. पण ल्यूथरच्या बाजूनं विचार करा. भाकर ही फक्त आठवण असेल, तर आठवायचं काम माझं, म्हणजे पुन्हा भार माझ्या मनावर. ख्रिस्त स्वतः तिथे असेल, तर मला फक्त हात पुढे करायचाय. छोट्या प्रश्नोत्तरीत तो विचारतो, एवढ्याशा खाण्यापिण्यानं इतकं मोठं काम कसं होतं? आणि सांगतो, नुसत्या खाण्यानं नाही, तिथे उच्चारलेल्या शब्दांनी : ‘तुमच्यासाठी दिलेले, तुमच्यासाठी ओतलेले’. त्या ‘तुमच्यासाठी’वर त्याचं सगळं धर्मशास्त्र उभं आहे.

राजकारणाचं थोडक्यात सांगतो. पोप लिओ दहावा यानं बहिष्काराची धमकी देणारा हुकूम काढला, ल्यूथरनं तो डिसेंबर १५२० मध्ये जाळला. पुढच्या एप्रिलमध्ये वर्म्सच्या सभेत सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर त्यानं शब्द मागे घ्यायला नकार दिला. वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून राहिला असताना तीनेक महिन्यांत नवा करार जर्मनमध्ये आणला, तो सप्टेंबर १५२२ मध्ये छापून निघाला. २५ जून १५३० रोजी ऑग्सबर्ग इथे त्याचा सहकारी फिलिप मेलांख्थॉन यानं लिहिलेलं अठ्ठावीस कलमांचं विश्वासपत्र सम्राटाला वाचून दाखवलं गेलं. जगभरातल्या ल्यूथरन मंडळ्या आजही त्याला धरून आहेत. त्यातलं सातवं कलम मला नेहमी मोठ्या मनाचं वाटतं : चर्चच्या ऐक्याला सुवार्तेची शुद्ध शिकवण आणि बाप्तिस्मा, प्रभुभोजन अशा संस्कारांचं योग्य पालन एवढं पुरे, माणसांनी घातलेले विधी सगळीकडे सारखे असलेच पाहिजेत असं नाही.

संगीताबद्दल मात्र घाई करवत नाही. ल्यूथर धर्मशास्त्राच्या खालोखाल संगीताला मान द्यायचा. १५२४ मध्ये आठ गीतांची छोटी पुस्तिका निघाली, आणि उपासनेत बहुतेक वेळ ऐकणारी माणसं आपल्या भाषेत गाऊ लागली. सुवार्ता बाहेरून कानांत येते, म्हणून कानाला एवढं महत्त्व. दोनशे वर्षांनी याच मातीत योहान सेबास्टियन बाख उभा राहिला. १७२३ पासून मरेपर्यंत, म्हणजे १७५० पर्यंत, तो लाइपझिगच्या संत थॉमस चर्चमध्ये संगीत सांभाळत होता. मत्तयाच्या शुभवर्तमानातली दुःखसहनाची कथा त्यानं स्वरबद्ध केली, त्यातली एक जागा ऐका. येशू म्हणतो, तुमच्यातला एक जण मला धरून देईल. शिष्य घाबरून विचारू लागतात, ‘प्रभू, मी तो आहे काय?’ बाखनं हा प्रश्न अकरा वेळा घातलाय. बारावा यहूदा गप्प आहे. आणि लगेच, उत्तर यायच्या आतच, सगळ्यांच्या ओळखीच्या चालीवर गायकवृंद गातो : ‘मीच तो, मीच प्रायश्चित्त घ्यायला हवं होतं.’ ऐकणारा दोन हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीतून एका क्षणात स्वतःपाशी येतो. नियम ऐकू येतो, आणि त्याच ओळींत हेही की शिक्षा दुसऱ्यानं सोसली. हे मी अनेकदा ऐकलंय, दर वेळी घसा दाटतो.

हायडेलबर्गच्या त्याच सभेत ल्यूथरनं आणखी एक भेद केला होता. वैभवाचा धर्मशास्त्री वाइटाला चांगलं आणि चांगल्याला वाईट म्हणतो. वधस्तंभाचा धर्मशास्त्री जे जसं आहे तसं म्हणतो. यश, सत्ता, प्रकृती चांगली म्हणजे देव प्रसन्न, हे पहिल्याचं गणित. दुसरा देवाला तिथे शोधतो जिथे देव असेल असं कोणालाच वाटत नाही, खिळे ठोकलेल्या माणसात. म्हणून दुःखात असलेल्याला ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ असं ल्यूथरन पाळकानं म्हणता कामा नये. १५४२ मध्ये ल्यूथरची तेरा वर्षांची मुलगी माग्डालेना त्याच्या कुशीत वारली. ती स्वर्गात आहे हे त्याला ठाऊक होतं, तरी तो रडला, आणि ते रडणं त्यानं लपवलं नाही.

जे जसं आहे तसं म्हणायचं तर ल्यूथरबद्दलही म्हणायला हवं. १५२५ च्या शेतकऱ्यांच्या उठावात त्यानं राजेरजवाड्यांना बंडखोरांची कत्तल करायला चिथावलं. १५४३ मध्ये ज्यूंविरुद्ध लिहिलं, त्यांची प्रार्थनामंदिरं आणि घरं जाळा म्हणून. चारशे वर्षांनी नाझींनी ते लिखाण आवडीनं वापरलं. ‘तो काळच तसा होता’ एवढ्यावर हे मिटत नाही. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या ल्यूथरन चर्चनं १९९४ मध्ये ते लिखाण जाहीरपणे नाकारलं आणि दुःख व्यक्त केलं. कृपेचाही गैरवापर झाला. जर्मन पाळक डिट्रिख बॉनहॉफर यानं १९३७ मध्ये आपल्याच चर्चला बजावलं की तुम्ही कृपा स्वस्त करून विकताय, पश्चात्तापाशिवाय क्षमा वाटताय. ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी त्याला फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फासावर चढवलं.

रोमशी मात्र बोलणं पुन्हा सुरू झालं. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, त्याच ऑग्सबर्गमध्ये, जागतिक ल्यूथरन महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरवलं जाण्याच्या शिकवणीवर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. सगळे मतभेद मिटले नाहीत, आणि काही ल्यूथरन गटांना ती घोषणा मान्यही नाही. पण ज्या प्रश्नावरून घर फुटलं त्याच्या गाभ्यावर दोघांनी एक भाषा शोधली, हे लहान काम नव्हे.

१५२९ ची छोटी प्रश्नोत्तरी घराघरांत मुलांना शिकवायला लिहिली होती. आदल्या वर्षी सॅक्सनीच्या खेड्यांत फिरताना ल्यूथरला दिसलं की लोकांना प्रभूची प्रार्थनाही येत नाही. प्रश्नोत्तरीच्या शेवटाकडे सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना आहेत. सकाळची प्रार्थना झाली की, तो लिहितो, एखादं गीत गात आनंदानं कामाला लागावं. संध्याकाळच्या प्रार्थनेत दिवसभराची पापं देवापुढे ठेवायची, क्षमा मागायची, देह-आत्मा त्याच्या हाती द्यायचा. एकेकाळी सहा सहा तास पापं मोजणाऱ्या माणसानं त्यापुढे एकच सूचना दिली आहे : मग लगेच, खुशाल झोपी जावं.